बिदरीचं पदक: काम अव्वल, तारखेचा भरवसा नाही

संभाजीनगरात सिटी चौकाकडून शहागंजला जाताना एक अरुंद गल्ली आत वळते. तिथं पाटी नसलेलं बिदरीकामाचं, म्हणजे काळ्या धातूवर चांदी बसवण्याच्या कामाचं, एक दुकान आहे. पुरस्काराचं पदक हातानं घडवून घ्यायचं असेल तर तिथं जा. कार्यक्रम पंधरा दिवसांवर येऊन ठेपला असेल तर अजिबात जाऊ नका. घाईत असलेल्यांनी इथवर वाचलं तरी पुरे. पैसे मोजण्याआधी ज्यांना दहा शंका येतात, अशा माझ्यासारख्यांसाठी पुढचं.

शंका काढणं हा माझा पेशाच होता. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो, परभणी, हिंगोली, नांदेड या पट्ट्यात. एका भावाकडं दोन गुंठे जास्त निघाले की दुसरा भाऊ माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. निवृत्त झालो तरी मोजणीचा नाद सुटेना, म्हणून जुन्या बारवा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, मोजायला लागलो. आमचं लहानसं मंडळ आहे: दोन शिक्षक, एक तलाठी, एक मेडिकलवाले आणि मी. सेलू तालुक्यातली वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव, चारठाण्याची बारव, बीडची खजाना बावडी, या नावाजलेल्या. त्यांचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहेत. पण आमच्याकडं वेड्या बाभळीखाली आणि उकिरड्याखाली गाडल्या गेलेल्या कित्येक बारवा अशा आहेत, की कागदावर त्यांची रेघसुद्धा सापडत नाही. अशी एखादी हुडकून, मोजून, नकाशा काढून जो आणून देईल त्याला आम्ही वर्षातून एकदा शोध-पुरस्कार देतो. रक्कम सांगण्यासारखी नाही. पदक तरी सांगण्यासारखं असावं, असं यंदाच्या बैठकीत ठरलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं.

यंदाच्या मानकरी होत्या जिंतूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या चार मुली. गावामागच्या ओढ्याकाठी दगडी पायऱ्या दिसतात म्हणून त्यांनी सरांच्या मागं लागून झुडपं तोडून घेतली, आणि कपड्याच्या दुकानातल्या फितीनं अख्खी बारव मोजली. एकच प्रवेश, म्हणजे नंदा प्रकारातली. चौरस कुंड, प्रत्येक बाजूला एक देवळी. पायऱ्या २७. मी नंतर माझ्या टेपनं मोजून पाहिली, तर कुंडाच्या बाजूत चार बोटांचा फरक निघाला. खात्यात इतकी बिनचूक मोजणी करणारे सहकारी मला फार थोडे भेटले.

आता पदक. आधी रीतसर ट्रॉफीच्या दुकानांतून फिरलो. सगळीकडं माल एकच. सोनेरी मुलामा दिलेला प्लॅस्टिकचा कप, त्यावर पंख पसरलेली बाई, खाली संगमरवर म्हणून खपवलेला ठोकळा. ‘शोध’ म्हटलं की दुकानदार भिंग नाहीतर दुर्बीण दाखवतात. एकाकडं पृथ्वीगोल होता, तो फिरायचाही. पण त्यावर भारत सापडेना, कारण नेमका तिथंच डिंकाचा डाग पडला होता. ॲक्रिलिकचा नमुना बराच म्हणून मी तिथं थांबलो, तर पोरगा संगणकावर बसल्या बसल्या म्हणाला, “सर, वरच्या बाजूला साहेबांचा फोटो टाकू का?”

“कोणत्या साहेबांचा?”

“ज्यांच्या हस्ते आहे त्यांचा. सगळेच टाकतात.”

खरंच सगळे टाकतात. कपाटात तयार होऊन पडलेली सन्मानचिन्हं त्यानं दाखवली. देणाऱ्याचा फोटो तळहाताएवढा, घेणाऱ्याचं नाव खाली मुंगीएवढं. काय केलं म्हणून दिलं, ते कुठंच नाही. फार तर ‘उल्लेखनीय कार्याबद्दल’. असा माणूस घरी जाऊन नातवाला काय सांगणार?

मेडिकलवाल्यांनी बिदरीचं नाव काढलं. त्यांच्या लग्नात आलेली बिदरीची अत्तरदाणी अजून घरात आहे म्हणे. बिदरीकाम बिदरचं, पण संभाजीनगरातही हे काम करणारे आहेत. बिदर काही आम्हाला परकं नाही. १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते, जुन्या नकाशांच्या बासनात त्याच्या खुणा मिळतात. आणि मोजणीवाल्याला बिदरचं आणखी एक अप्रूप. लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्यानं देशाची त्रिकोणमितीय मोजणी दक्षिणेतून वर सरकवत आणली, तेव्हा १८१५ साली एक आधाररेषा, म्हणजे जिच्यावरून पुढचे त्रिकोण काढतात ती रेषा, बिदरजवळ मोजली गेली. पुढं १८२३ साली मोजणी चालू असतानाच तो हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. ही माहिती मी कुणी विचारलेली नसताना सांगतो, असा घरच्यांचा आक्षेप आहे.

तर दुकान. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. मागच्या भिंतीशी चाचा बसतात, पुढं काउंटरवर त्यांचा मुलगा. मुलाकडं लेसरचं मशीन आहे, तो नावं कोरतो आणि व्हॉट्सॲपवर ऑर्डरी घेतो. चाचा चांदी बसवतात. भिंतीवर फुलदाण्या, सुपारीचे डबे, हुक्क्याची बैठक, काळ्याशार धातूवर चांदीच्या वेली. गिऱ्हाईक बहुतेक वेरूळ-अजिंठा करून आलेलं असतं आणि कानातले घेऊन जातं. मी पदक म्हटल्यावर मुलगा लगेच मोबाइलमध्ये नमुने दाखवायला लागला. चाचांनी मात्र हातातली छिन्नी खाली ठेवली.

“साहब, पहिले हे सांगा, केलं काय त्यांनी?”

ट्रॉफीच्या एकाही दुकानात मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. माझ्या लेखी या दुकानाचे निम्मे गुण तिथंच झाले. मी पिशवीतून मुलींचा नकाशा काढला. चाचांनी तो उलटा, मग सुलटा धरून पाहिला, पाणी कोणत्या बाजूला आहे ते विचारलं, आणि मग म्हणाले, “मग हेच काढायचं. दुसरं कशाला?”

चहा आला. चाचांना बोलायला आवडतं आणि मला कुणी विचारलं की थांबता येत नाही. मोठ्या इनामांत काय देतात, असं त्यांनी विचारलं. मी त्यांना लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या सुवर्णपदकांबद्दल सांगितलं. शोधमोहिमांच्या जगात त्यांचा मान फार मोठा. १८३१ साली राजा चौथा विल्यम याच्या पन्नास गिनींच्या वार्षिक देणगीतून ते सुरू झालं. १८३२ साली पहिला मान रिचर्ड लँडरला मिळाला, नायजर नदी समुद्राला कुठं मिळते ते शोधल्याबद्दल. आधी रोख रक्कम होती, मग सोन्याची दोन पदकं आली: फाउंडर्स आणि पेट्रन्स. एका बाजूला राजाचा किंवा राणीचा चेहरा, दुसऱ्या बाजूला मिनर्व्हा देवी, तिच्या पायाशी पृथ्वीगोल.

“आणि ज्याला दिलं त्याचं काम?”

“ते नाही. त्याचं नाव फक्त.”

चाचांनी मान हलवली. मग मी आमच्या जातभाईची गोष्ट काढली. जातभाई म्हणजे मोजणीवाला. पंडित नैनसिंग रावत, कुमाऊंमधल्या मिलम गावचा शाळामास्तर. तिबेटात गोऱ्यांना मज्जाव, म्हणून सर्व्हे खात्यानं त्याला डेहराडूनला शिकवून यात्रेकरूच्या वेशात पाठवलं. १८६५ ला निघाला, १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोहोचला. हातात जपमाळ, पण १०८ मण्यांऐवजी १०० मण्यांची. शंभर पावलं झाली की एक मणी ओढायचा. मैलाला दोन हजार पावलं पडतील असं चालणं त्यानं अंगी बाणवलं होतं. म्हणजे माळेचा एक फेरा झाला की दहा हजार पावलं, पाच मैल. होकायंत्र आणि नोंदींचे कागद प्रार्थनाचक्रात लपवलेले. पाणी किती अंशाला उकळतं ते पाहून उंची काढायची. शेकडो मैल या हिशेबानं! आमच्या खात्यात साखळी ओढायला दोन माणसं कमी पडली तर मोजणी पुढं ढकलतात.

१८६८ साली त्याच सोसायटीनं त्याला सोन्याचं घड्याळ दिलं, आणि लेह ते ल्हासा आणि तिथून आसाम अशी आणखी मोठी मजल मारून आल्यावर १८७७ साली पेट्रन्स मेडल. हेच पदक २००३ साली मुंबईच्या हरीश कपाडियांना मिळालं, हिमालयातल्या त्यांच्या भटकंतीबद्दल आणि गिर्यारोहणाबद्दल. आपल्या सरकारचा तेनझिंग नोर्गे राष्ट्रीय साहस पुरस्कार याबाबतीत मला जास्त पटतो. त्यात तेनझिंगची ब्राँझची मूर्ती देतात. म्हणजे निदान डोंगर चढणाऱ्याचा पुतळा, देणाऱ्याचा नाही. नैनसिंगाच्या पदकावर जपमाळेतला एक मणी जरी उमटवला असता तर ते सोनं सार्थकी लागलं असतं, असं माझं मत. चाचांचं मत निराळं निघालं. ते म्हणाले, “सोना है तो बादशाह का चेहरा आएगाच. तुमचं जस्त आहे. जस्तावर कुणाचा हक नाही.”

हा माणूस मला तिथं पटला. आणि लगेच त्यानं माझी खोडही काढली.

“चार पोरी आहेत म्हणता. पदक एक. भांडणं लावता का घरोघर?”

मंडळाच्या ठरावात पदक एकच होतं, शाळेच्या नावानं. मी तसं सांगितलं. पण मनात लगेच दुसरी गोष्ट आली. अमेरिकेत नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीचं हबर्ड पदक आहे, तेही शोधमोहिमांसाठीच. १९०६ साली पहिलं रॉबर्ट पिअरी या अमेरिकन शोधप्रवाशाला दिलं. १९०९ साली तो उत्तर ध्रुवावर गेल्याचं सांगत परत आला (गेला की नाही यावर अजून वाद आहेत, तो भाग सोडा). त्या शेवटच्या टप्प्यात त्याच्याबरोबर मॅथ्यू हेन्सन हा कृष्णवर्णीय सोबती होता, आणि चार इनुइट गडी. त्या मोहिमेतल्या जहाजाच्या कप्तानालाही हबर्ड पदक मिळालं. हेन्सनला मिळालं २००० साली. तो वारला १९५५ ला. अजिंठ्याचं तरी काय वेगळं? दहा नंबरच्या लेण्यात खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं २८ एप्रिल १८१९ ही तारीख घालून आपलं नाव कोरलं. ज्यांनी त्याला वाट दाखवली असेल, त्यांची नावं कुठल्या खांबावर आहेत?

तर चाचांनी तोडगा काढला. शाळेला तीन इंची मोठं पदक, त्यावर पूर्ण बारव. त्याच ओतातल्या उरलेल्या धातूचे चार छोटे बिल्ले, मुलींना छातीला लावायला. “हर एक पोरीनं एक बाजू मोजली ना? मग जिची जी बाजू, तिच्या बिल्ल्यावर ती.” मी तिथूनच मंडळाला फोन लावला. तलाठ्यांनी खर्चाचं कारण काढून कुरकुर केली, शिक्षक खूश.

नकाशावरून मात्र आमची चांगलीच जुंपली. प्रमाण ठरवलं एक इंचाला तीस फूट. कुंड तीस फुटी, म्हणजे तेहतीस फूट चौरसाच्या एका गुंठ्यात आरामात मावणारं. पदकावर ते एक इंचाचं होतं. पायऱ्यांची लांबी चाळीस फूट, ती सव्वा इंचापेक्षा थोडी जास्त. त्यात २७ रेघा बसवायच्या.

“सत्तावीस कोण मोजणार? चौदा घालतो, दिसायला साफ दिसेल.”

“पायऱ्या आहेत तितक्याच.”

“तार तुटते साहब.”

“मग दोन दिवस जास्त घ्या.”

दोन दिवस जास्त घ्या हे मी म्हणालो, आणि चाचांनी ते फार मनावर घेतलं, ते पुढं येईलच. पण पायऱ्या २७ च आल्या. घरी भिंग लावून मोजल्या. उत्तर दिशेचा बाण त्यांनी ठामपणे नाकारला, आकडेही नाकारले. “नकाशा वेगळा, जेवर वेगळा.” बाण नाही याची खंत मला अजून आहे. नकाशाला उत्तर नाही म्हणजे काय? पण पदक हातात घेतल्यावर कबूल करावं लागलं, की बाणानं ते बिघडलं असतं.

मी दुकानात नंतरही जाऊन बसत होतो, त्यामुळं काम होताना पाहिलं. धातू जस्ताचा, त्यात तांबं अगदी थोडं, सोळाला एक. ओतकाम चाचा बाहेरून करून घेतात. ओतून आलेली चकती करड्या रंगाची, ओबडधोबड. ती कानशीनं साफ करायची, मग मोरचुदाचं पाणी फिरवायचं. त्यानं ती तात्पुरती काळपट होते, म्हणजे वर ओढलेली रेघ पांढरी उठून दिसते. चाचा छाप वापरत नाहीत. मुलींचा कागद शेजारी ठेवला, टोकदार सळईनं हातानं रेघ ओढली. मी प्रमाणपट्टी पुढं केली तर ती त्यांनी बाजूला सरकवली. मग छिन्नीनं खाच पाडायची आणि त्या खाचेत चांदीची तार ठोकून बसवायची. डाख नाही, डिंक नाही, नुसती ठोकून. कुंडाच्या जागी तारेऐवजी चांदीचा पत्रा घातला, म्हणजे पाणी झालं. देवळ्यांच्या जागी पत्र्याचे चार इवलेसे तुकडे. सगळं बसलं की पुन्हा कानस, पुन्हा घासणं. या टप्प्यावर पदक अगदी फिकट दिसतं, चांदी आणि जस्त एकमेकांत मिसळून जातात. काहीच दिसत नाही म्हणून मला धडकी भरली होती.

शेवटी माती. बिदरच्या किल्ल्याच्या जुन्या भागातली, ऊनपाऊस न लागलेली माती. चाचांकडं ती पत्र्याच्या डब्यात आहे. त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवून पारखली आणि मलाही दिली. खारट, तुरट, आणि मग काय सांगू, तोंड वाकडं झालं. ती माती नवसागराच्या पाण्यात कालवून गरम चकतीवर चोळतात. जस्त बघता बघता काळं पडतं. चांदीला ती काही करत नाही. धुऊन तेलाचं बोट फिरवलं की काम झालं. हे पाहायला म्हणून तरी कुणीतरी पोरांना तिथं घेऊन जावं. रसायनशास्त्राचा याच्याइतका चांगला तास मी दुसरा पाहिलेला नाही.

आता तक्रारी, आणि त्या थोड्या नाहीत.

पहिली म्हणजे तारीख. “जुमेरातला या”, म्हणजे गुरुवारी या, असं सांगतात. कोणत्या जुमेरातला ते सांगत नाहीत. आमचा कार्यक्रम १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनानंतर शाळेतच होता. ती तारीख तर काही पुढं ढकलता येत नाही. ऑर्डर देताना भरपूर अवधी होता. मधेच ओतकाम करणारा गावाकडं लग्नाला गेला, मग चांदीची तार हवी त्या जाडीची मिळेना, मग मुलानं फोन उचलणं सोडलं. पदक हातात पडलं ते १६ तारखेच्या संध्याकाळी. जिंतूरच्या बसस्थानकावर एसटीच्या पार्सलनं. मी स्थानकाच्या बाकावर बसून येणाऱ्या प्रत्येक गाडीकडं पाहत होतो, तेव्हा चाचांबद्दल माझ्या मनात काय विचार आले ते इथं लिहिण्यासारखे नाहीत.

दुसरी तक्रार मुलाच्या लेसरची. पदकाच्या मागं पितळी चकती बसवून त्यावर चौघींची नावं, गाव आणि ‘बारव सर्वेक्षण’ एवढे शब्द कोरायचे होते. पहिल्या नमुन्यात ‘सर्वेक्षण’मधला रफार वर चढण्याऐवजी ‘र’चा पाय मोडून खालीच बसला, आणि एका मुलीच्या आडनावातलं जोडाक्षर फुटलं. मुलगा म्हणाला, “सर, मशीनमध्ये असंच येतं.” मशीनमध्ये येत असेल, पण मुलीच्या नावात येता कामा नये. मग त्याला नावं चित्र करून पाठवली, तेव्हा नीट आली. जास्तीचे पैसे घेतले नाहीत, हे त्याच्या बाजूनं. तुम्ही काम दिलंत तर मजकूर मेसेजमध्ये टाइप करून देऊ नका, चित्र किंवा पीडीएफ द्या, आणि कोरण्याआधी नमुन्याचा फोटो मागा.

तिसरी, बिल्ल्यांच्या पिना. चाचांचं सगळं काम ठोकून बसवलेलं, आणि त्याच्या मागं मुलानं बाजारातली पिन चिकटवून दिली. चारांपैकी दोन पिना त्याच दिवशी निघाल्या, त्यातली एक तर राष्ट्रगीत चालू असताना. इतक्या सुंदर वस्तूला अशी पाठ देणं म्हणजे पैठणीला पोत्याची किनार लावण्यासारखं आहे. पिन धातूत बसवून द्या, असं आधीच सांगा आणि त्याचे वेगळे पैसे द्या.

डबीही यथातथाच. लाल मखमल हाताला रंग सोडते.

पदक जड आहे, हेही सांगतो. गळ्यात घालायचं असेल तर तीन इंची करू नका, दोन इंची पुरे. शाळेच्या कपाटात ठेवायचं म्हणून आमचं चाललं. फरशीवर पडू देऊ नका. जस्त ठिसूळ असतं, चाचांनी हे दोनदा बजावलं. चांदी मंद झाली तर मऊ कापड आणि थेंबभर खोबरेल. चिंच, लिंबू किंवा पितळेची भांडी घासायची पावडर लावलीत तर काळा रंग जाईल आणि मग तो परत बिदरच्या मातीशिवाय येत नाही. शाळेच्या शिपाईमामांना हे मी लिहून दिलं आहे.

या सगळ्या तक्रारींनंतरही पुन्हा तिथंच जाणार का? हो. कारण पदक मुलींच्या हातात दिलं तेव्हा त्यांनी ते कुणाचं, किती किमतीचं, चांदी खरी का, यातलं काहीच विचारलं नाही. एकीनं बोट ठेवलं, “ही माझी देवळी.” दुसरी पायऱ्या मोजायला लागली. पाहुणे म्हणून आलेल्या अधिकाऱ्यांनी पदक हातात घेऊन उलटून पाहिलं. आपलं नाव कुठं आहे ते शोधत होते की काय, मला माहीत नाही. नाव नव्हतंच. त्यांनीही मग वाकून पायऱ्या मोजल्या आणि बारव कुठं आहे ते विचारलं. भाषणं संपल्यावर ते मुलींबरोबर ओढ्यापर्यंत चालत गेले, बुटांना चिखल लागला तरी. ट्रॉफीच्या दुकानातला तो ॲक्रिलिकचा ठोकळा दिला असता, तर बारवेची चौकशी कुणी केली असती का, याची मला शंका आहे.

कुणासाठी हे दुकान नाही, तेही सांगतो. शंभर विद्यार्थ्यांना वाटायची पदकं हवी असतील तर नाही. गणपतीच्या स्पर्धांना नाही. ज्यांना पाहुण्यांचा फोटो हवाच आहे त्यांना चाचा स्वतःच परत पाठवतील. माझ्यासमोर त्यांनी एका कार्यकर्त्याला परत पाठवलं. बिदरीत चेहरा चांगला येत नाही, असं कारण त्याला सांगितलं, आणि तो गेल्यावर मला भिंतीवरचा एक चेहरा दाखवला, त्यांच्या उस्तादांचा, तारेत केलेला, मिशीचा केस न् केस मोजता येईल असा.

पैशाचं सांगतो. तीन इंची पदक ३,८०० रुपये. सत्तावीस पायऱ्यांचा हट्ट केला म्हणून वरचे ५००, आणि ते द्यायला मी एका अक्षरानं घासाघीस केली नाही. बिल्ले प्रत्येकी ६५०. ट्रॉफीच्या दुकानात अख्खं काम हजाराच्या आत झालं असतं. चांदीचा भाव वर गेला की यांचाही भाव वर जातो, त्यामुळं ऑर्डर देतानाच दर कागदावर लिहून घ्या. निम्मे पैसे आगाऊ लागतात. साधी पावती देतात. तुमच्या संस्थेच्या हिशेबाला पक्कं बिल लागत असेल तर मुलाशी आधी बोलून ठेवा. अकराच्या आधी दुकान उघडत नाही, शुक्रवारी दुपारी बंद असतं. गाडी गल्लीत नेऊ नका, वळवायला जागा नाही. आणि कार्यक्रमाची तारीख सांगताना खऱ्या तारखेच्या पंधरा दिवस अलीकडची सांगा. मी पुढच्या वर्षी १ सप्टेंबर सांगणार आहे.